आधी सापडेल तो आधी

व्लास्ता माझ्या भावाची बायको. ती मला कधीच आवडली नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लपवण्यासारखं काही नाही. तिलाही मी आवडत नव्हते. आमच्या लिपोव्हा गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि चर्चच्या जेवणात आम्हा दोघींना एका टेबलावर बसवायची चूक कुणी करत नसे. पण एखादं माणूस न आवडणं वेगळं आणि त्याचा द्वेष करणं वेगळं. द्वेष मी केला तो त्या एप्रिलपासून. शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या खतडेपोत अमोनिया सुटला तेव्हापासून. आत माझा भाऊ एमिल होता. मागून माझा नवरा लेनर्डही आत गेला. आणि तोंडाला मास्क लावून, पाठीला हवेची टाकी बांधून त्या दोघांना आणायला उतरलेली व्लास्ता बाहेर आली ती माझ्या नवऱ्याला ओढत. स्वतःच्या नवऱ्याला मागे ठेवून. का? तीन वर्षं मला हा एकच प्रश्न होता.

व्लास्ता मूळची ओढ्यापलीकडची, देव न मानणाऱ्यांच्या घरातली. आमच्या भागात समुद्रापलीकडून शेतीसाठी येऊन वसलेल्या चेक लोकांची कब्रस्तानंसुद्धा दोन आहेत, मानणाऱ्यांचं टेकडीवर आणि न मानणाऱ्यांचं खाली रस्त्याकडेला. एमिलने तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आईने खसखशीचे कोलाचे, आमच्याकडचे गोड भरलेले पाव, केले होते. आईच्या हातच्या कोलाचांना नावं ठेवायची छाती गावात कुणाची नव्हती. ही बाई एक घास खाऊन म्हणाली, "मधे जरा कच्चं राहिलंय."

"कुणी विचारलं होतं तुला?" मी म्हटलं.

"तुझी आई माझ्या तोंडाकडेच बघत होती. म्हणजे विचारतच होती."

एमिल हसला. तो तिच्या प्रत्येक उद्धटपणावर हसायचा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. माझा भाऊ अंगाने जाडजूड, पण स्वभावाने मऊ. लहानपणी रानात पडलेलं पाखराचं पिल्लू खिशात घालून आणायचा. त्याच्या वाट्याला ही यावी! आई आजारी पडली तेव्हा हिने रोज येऊन तिची पथ्याची जेवणं केली, तेही खरं आहे. पण करताना एक गोड शब्द नाही. ताट ठेवायची आणि म्हणायची, "संपवा, मी पुन्हा येणार नाही गरम करायला."

ती शाळेची बस चालवायची. त्यामुळेच ती गावाच्या अग्निशमन दलात शिरली. आमचं दल म्हणजे पगारी नोकर नव्हेत, गावातलीच माणसं. पेरणीच्या दिवसांत पुरुष सगळे शेतात, आग मात्र भरदुपारी लागते, आणि बंब चालवायला गावात सापडणार कोण? बस चालवणारी बाई. पुरुषांनी नाक मुरडत तिला घेतलं. मग धोकादायक रसायनांच्या प्रशिक्षणाला एकाला पाठवा म्हणून वरून निरोप आला. ते पडलं नेमकं हरणांच्या शिकारीच्या दिवसांत. शिकार सोडून वर्गात बसायला कोण जातो? पाठवून दिली व्लास्ताला. सगळ्यांना वाटलं, बरी पीडा टळली आठवडाभर.

ती परत आली ती एक केशरी पुस्तक आणि एक अंगठा घेऊन. पुस्तकात टँकरवरच्या पाटीचा आकडा शोधायचा, म्हणजे आत काय भरलंय आणि किती लांब राहायचं ते कळतं. आणि अंगठा असा, की हात समोर ताठ करायचा, अंगठा उभा धरायचा, एक डोळा मिटायचा. अपघात अंगठ्याआड पूर्ण झाकला गेला तर तुम्ही पुरेसे लांब. बाजूने जरा जरी दिसला तर मागे सरका. हे तिने बंबखान्यात सगळ्यांना उभं करून शिकवलं. पुढे ती कॅफेत शिरली की कोपऱ्यातलं टेबल एका सुरात अंगठे उभारायचं.

"अजून दिसतेय रे! मागे सरा, मागे!"

लेनर्ड त्यात सगळ्यात पुढे. माझा नवरा म्हणजे मोठा आवाज आणि मोठं पोट. ती शांतपणे कॉफी ओतून घ्यायची आणि म्हणायची, "लेनर्ड, तुझं पोट झाकायला दोन अंगठे लागतील."

आमच्या दलात एक जुनी रीत होती. पेजर वाजला की बंबाची वाट बघायची नाही. ज्याने त्याने आपापली पिकअप थेट जागेवर पळवायची, आणि जो शेवटी पोचेल त्याने त्या दिवशी सगळ्यांना बिअर पाजायची. या रीतीपायी दोन पिकअप खड्ड्यात गेल्या आणि एक पाद्रीबुवांच्या कुंपणात, पण रीत काही मोडली नाही. व्लास्ता नेहमी शेवटची. ती आधी थांबून धूर कुठे जातोय बघणार, गवत कुठे झुकलंय बघणार, मग वाऱ्याच्या वरच्या अंगाने लांबचा वळसा घेऊन येणार. येईपर्यंत आग विझलेली. मग निमूटपणे बिअरचं खोकं आणायची. "व्लास्ता आहे तोवर आपल्याला तहानेची भीती नाही," असं लेनर्ड म्हणायचा. ती स्वतःही एक बाटली उघडायची आणि म्हणायची, "प्या. तुमच्या मयताला मला पाजायला लागेल त्यापेक्षा हे बरं."

असं बोलणं शोभतं का बाईमाणसाला? मला नाही वाटत. आजही नाही.

आमचं घर फाट्यावर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन्ही रस्ते दिसतात. उजवा उताराने ओढ्याकाठी जातो आणि लगेच सोसायटीच्या डेपोत पोचतो. डावा टेकडीवर चढतो, कब्रस्तानावरून फिरून डेपोच्या मागच्या अंगाला उतरतो. एमिल डेपोत कामाला होता. मक्याच्या पेरणीआधी शेतकरी जमिनीत अमोनिया सोडतात, तो मोठ्या टाकीतून चाकांवरच्या पांढऱ्या टाक्यांमध्ये भरून द्यायचं काम त्याचं. त्या सकाळी मी कणीक मळत होते आणि फ्रीजवर स्कॅनर चालू होता. आमच्याकडे प्रत्येक घरात तो असतो. दलाचं सगळं बोलणं त्यावर ऐकू येतं, आणि कुणाचा नवरा कुठे धावतोय ते बायकांना घरबसल्या कळतं. स्कॅनरवर आलं की डेपोत भरायचा पाइप फुटलाय आणि एमिल बाहेर आलेला नाही.

मी खिडकीकडे धावले. ओढ्याकडे दुधासारखं पांढरं काहीतरी जमिनीलगत पसरत होतं. धूर वर चढतो. हे चढत नव्हतं, खाली ओढ्याच्या खोलगटात लोळत होतं. आणि फाट्यावर, माझ्या अंगणासमोर, पिवळी बस येऊन उजव्या रस्त्यावर आडवी उभी राहिली. मुलांना शाळेत सोडून परत येत होती व्लास्ता. ती उतरली, बसला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि डेपोकडे हात ताठ करून अंगठा धरला.

तिचा नवरा आत. आणि ही अंगठा धरून उभी!

मी कणकेच्या हातानेच बाहेर पळाले. तिने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. "अंगठ्यात मावत नाही," ती म्हणाली. "घर सोड. गाडी काढ आणि टेकडीवर जा."

"माझा भाऊ आहे आत!"

"माझा नवरा आहे. टेकडीवर जा."

आवाजात इतकासा कंप नाही. तोच आवाज मला खिडकीतून फ्रीजवरच्या स्कॅनरवरही ऐकू आला, कारण तिच्या हातात रेडिओ होता. "बंब टेकडीकडून आणा. ओढ्याच्या रस्त्याने कुणीही यायचं नाही. हवेची टाकी लावल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही." साऱ्या गावाने आपापल्या स्वयंपाकघरात तो आवाज ऐकला. आजही बायका म्हणतात, दळणाचा भाव सांगावा तसं सांगत होती.

तेवढ्यात पिकअप येऊन थडकायला लागल्या. रीतच होती ना, पहिला कोण पोचतो ती. पहिला लेनर्ड होता. खिडकीतून डोकं काढून ओरडला, "बस काढ!"

"नाही."

"व्लास्ता, एमिल आत आहे, वेडे! बस काढ म्हणतो ना!"

"तुझ्याकडे हवेची टाकी आहे? मास्क आहे? काय घेऊन जाणार आहेस आत, तुझं पोट?"

"जन्म गेला माझा अमोनियाचा वास घेण्यात! ओला रुमाल तोंडाला बांधतो आणि घेऊन येतो त्याला."

"वास घेतलायस. हे डोळ्यात आणि छातीत गेलं की आतलं पाणी शोधतं आणि जाळतं. बंब येतोय. थांब."

मागून बाकीचे ओरडायला लागले. कुणी तिला दगड म्हणालं, कुणी त्याहून वाईट. एकाने किल्लीसाठी तिच्या खिशात हात घातला, तर तिने त्याच्या मनगटावर रेडिओ हाणला. लेनर्डने पिकअप मागे घेतली. मला वाटलं वळून टेकडीकडे निघाला. पण तो चर ओलांडून मक्याच्या वाळक्या खुंटांमधून थेट खाली उतरला. शेत तुडवत. पिकअप पांढऱ्यात शिरली, थोड्या वेळाने इंजिन खोकलं आणि बंद पडल्याचं ऐकू आलं. त्यानंतर काही नाही.

व्लास्ता फक्त एवढंच म्हणाली, "आता दोन झाले." आणि रेडिओवर तेच सांगितलं.

त्या वेळी मी तिचा गळा धरला असता. पण बंब आला, ती त्यावर चढली, आणि मी गाडी काढून त्यांच्या मागे टेकडी चढले. कब्रस्तानाच्या पलीकडे वारा आमच्या पाठीवर होता आणि हवा स्वच्छ होती, हे कबूल करायला हवं. खाली ते पांढरं पसरलेलं. तिने आणि ड्वेन हायेकने अंगावर जाड कपडे चढवले, मास्क लावले, दोर बांधला आणि उतरले. ड्वेन गॅरेजवाला, तिच्यासारखाच कमी बोलणारा. बाकीचे पाण्याचा फवारा धरून त्यांच्या मागे. आणि मी एका थडग्याला धरून उभी. खाली दोन माणसं होती, दोन्ही माझी. देवाजवळ कुणाला आधी मागायचं ते मला कळत नव्हतं.

ते दोघं पांढऱ्यातून निघाले तेव्हा मधे एक माणूस ओढत आणत होते. व्लास्ताने काखेत हात घातलेले, ड्वेनने पाय धरलेले. अंगात सोसायटीने सगळ्यांना वाटलेला तो निळा डगला. तो एमिलकडेही होता आणि लेनर्डकडेही. पण मी बूट ओळखले. ते बूट मीच घेतले होते. माझ्या तोंडून किंकाळी निघाली, आणि ती दुःखाची नव्हती.

व्लास्ताने त्याला गवतावर ठेवला, स्वतःचा मास्क ओढून काढला, गुडघ्यावर बसून पाण्याने त्याचं तोंड, डोळे धुवायला लागली. घाईघाईने, पंज्याने, रांगडेपणाने. आणि मग तिचा हात थांबला. मी जवळच होते, मी पाहिलं. पाणी तिच्या हातावरून वाहत होतं आणि ती माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे नुसती बघत होती. मला वाटलं, बघा, आत आपला नवरा मरतोय आणि ही इथे निवांत बसलीये. मग ती उठली आणि म्हणाली, "हवेची दुसरी टाकी."

टाकी बदलायला वेळ लागला. पुन्हा उतरायला वेळ लागला. एमिल मोठ्या टाकीच्या पलीकडे सापडला. त्याला वर आणलं तेव्हा श्वास होता की नव्हता यावर आजही वाद आहेत. रुग्णवाहिका जिल्ह्याच्या गावी पोचायच्या आत तो गेला. आधी आणला असता तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. सांगता येत नाही, एवढंच हातात देऊन त्यांनी मला घरी पाठवलं.

लेनर्ड वाचला. एक डोळा सदा पाणावलेला आणि त्या मोठ्या आवाजाची जागा घोगऱ्या खरखरीने घेतली. पण वाचला.

राज्याकडून चौकशीला माणूस आला. त्याने व्लास्ताला सगळ्यांसमोर विचारलं, दोघांपैकी यांनाच आधी का आणलं? ती म्हणाली, "आधी सापडेल तो आधी." बस. त्यावर एक अक्षर जास्त नाही.

गावाने मग तिचं जगणं नकोसं केलं. कुणी म्हणे, बस आडवी लावली नसती तर सगळे मिळून एमिलला घेऊन आले असते. कुणी म्हणे, टेकडीचा वळसा घ्यायला लावला तिथेच तो मेला. लेनर्ड आत घुसला नसता तर तिने पहिल्या फेरीत एमिललाच आणलं असतं, हे मात्र कुणी म्हणत नसे. मीही नाही. कारण तो माझा नवरा होता, रात्रंदिवस शेजारी खोकत होता, आणि त्याचा राग करायचा तर मग माझ्याजवळ उरलं कोण? तिचा राग करणं सोपं होतं. ती त्यासाठीच बनल्यासारखी होती. अंत्यविधीला ती चर्चच्या पायरीबाहेर उभी राहिली, आत आली नाही, रडली नाही. आईने तिच्याशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. पालकांनी तिच्या हातून बस काढून घ्यायचा अर्ज केला. दुसरं कुणी मिळेना म्हणून राहिली. तिच्या टपालपेटीत कुणीतरी मेलेला स्कंक, तो घाण वास सोडणारा प्राणी, कोंबला. तिने पेटी उपटली, धुतली आणि पुन्हा रोवली. दलातही ती राहिलीच. शेवटी पोचायची, बिअरचं खोकं आणायची, कुणी हात लावायचं नाही. मग ती एकटी एक बाटली पिऊन बाकीचं खोकं तिथेच ठेवून जायची.

आणि मग कॅफेतल्या बायकांनी ते काढलं. मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात. म्हणे, बाई स्वतःचा नवरा सोडून नणंदेचा नवरा उचलून आणते म्हणजे काहीतरी असणारच. मी घरी येऊन लेनर्डला विचारलं. तो खरखरत म्हणाला, "तिच्याशी? त्यापेक्षा मी डेपोत परत जाईन." माझा विश्वास बसला. पण बसलेला विश्वास रात्री उठून बसतो. हा माणूस रोज सकाळी कॅफेत तिला शिव्या घालतो, घरी येऊन घालतो, झोपेत घालतो. ज्या बाईने ओढून आणला तिला इतक्या शिव्या कशासाठी? आणि तिने याला का आणला?

एक गोष्ट मी खिडकीतून बघत होते आणि कुणाला बोलले नव्हते. त्या एप्रिलनंतर पेजर वाजला की पिकअप माझ्या फाट्यावर येऊन थांबायच्या. थांबायच्या! काचा खाली करून बाहेर हात काढून वारा बघायचे, आणि वळसा लांबचा असला तरी वरच्या अंगाचा रस्ता घ्यायचे. तिला दगड म्हणणारे सगळे. लेनर्ड आता आत जात नसे, फक्त पाण्याचा ट्रक चालवायचा, तोही थांबायचा. एकदा रेल्वेच्या फाटकाजवळ टँकर उलटला तेव्हा मी त्याला, बघणारं कुणी नाही असं समजून, स्टिअरिंगवरून अंगठा उभा धरताना पाहिलं. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा त्या टवळीच्या नावाने सुरू. मी त्याचं ताट वाढलं.

यंदा मे महिन्याच्या शेवटी, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायच्या दिवशी, मी टेकडीवर गेले. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत अंगणातली पिओनीची फुलं घेतली होती. लेनर्डने पिकअप कब्रस्तानाच्या फाटकाबाहेरच उभी केली, कारण एमिलच्या थडग्याशी व्लास्ता बसलेली दिसली. "ती जाईपर्यंत मी नाही येणार," तो म्हणाला.

मी गेले. का थांबावं? भाऊ माझा होता.

ती जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि आपल्या डब्यातल्या फुलांवरच्या मुंग्या एकेक करून झटकत होती. पिओनीला मुंग्या असतातच. मानेवर कॉलरच्या वर तिचा भाजल्याचा डाग दिसत होता, जिथे त्या दिवशी कपडा आणि मास्क यांमधे फट राहिली होती. मी माझा डबा ठेवला.

"एक विचारायचंय," मी म्हटलं.

"नको म्हटलं तर थांबणार आहेस का, नणंदबाई?"

"लेनर्डला आधी का आणलंस?"

"आधी सापडला."

"ते त्या सरकारी माणसाला सांग. मी त्याची बायको आहे आणि याची बहीण. मला खरं सांग. लोक काय बोलतात ठाऊक आहे ना तुला?"

"मी आणि लेनर्ड?" तिने मान वर केली. "त्या घोरणाऱ्या रेड्याबरोबर? अगं, मला काही आवडनिवड आहे की नाही?"

माझ्या नवऱ्याला असं बोलल्याचा राग यावा की सुटल्यासारखं वाटावं, मला कळेना. "मग का?" मी पुन्हा विचारलं.

ती फुलांशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं एमिलच आहे."

मी थडग्याला हात टेकला.

"काच पांढरी झाली होती मास्कची. स्वतःचा हात दिसत नव्हता मला. लेनर्डची पिकअप लागली, दार उघडं, आत कुणी नाही. म्हटलं, पळाला असेल शेतातून, अक्कल आली असेल. पुढे टाकीच्या अंगाला हाताला माणूस लागला. डगला तोच. बांधाही तोच, जाडजूड. मी काखेत हात घातले. ड्वेनलाही तेच वाटलं. वर येईपर्यंत पूर्ण रस्ता मी त्याच्याशी बोलत होते. सकाळी भांडून गेला होता ना, मी अंडी करपवली म्हणून. म्हणजे तो कुठला भांडतो, मीच भांडले. तर त्याला म्हणत होते, आता घरी चल, हवी तशी करून देते. मास्कमधून काय ऐकू जातंय कुणाला, पण बोलत होते." तिने आणखी एक मुंगी झटकली. "वर आणलं, तोंड धुतलं, तर तुझा नवरा निघाला."

"तुझा हात थांबला होता," मी म्हटलं. "मी पाहिलं."

"हो."

"मला वाटलं, तुला काहीच वाटत नाहीये."

"खरं ऐकायचंय? त्याला उचलून परत खाली टाकून यावंसं वाटलं. इतका राग मला जन्मात कुणाचा आला नाही. श्वास घेत होता ना तो." मग तिने माझ्याकडे बघितलं, सरळ. "आणि तू किंचाळलीस. आनंदाने. तेही मी ऐकलं."

मी खाली बघितलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "बूट ओळखले होते मी," मी म्हटलं.

"कळलं मला."

"मग हे सांगितलं का नाहीस कुणाला? तीन वर्षं गाव तुला कुत्र्यासारखं हाकलतंय."

"कुणाला सांगू? लेनर्डला? की लेनर्ड, तुला ओढत होते तेव्हा मी एमिलला ओढतेय असं समजत होते, आणि तुझं तोंड दिसल्यावर मला काय वाटलं? तो मला शिव्या देतोय तोवर स्वतःला देत नाही. देऊ दे."

माझ्या नवऱ्याला परत विषात टाकावंसं वाटलं, असं दुसरं कुणी माझ्या तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याचं थोबाड रंगवलं असतं. आणि तिथे, त्या गवतावर, मला तिचा राग आला नाही. तीन वर्षं मी एकटीच समजत होते की एमिल गेल्याने कुणाचं काही जळालं असेल तर ते माझंच. आईचं होतं, पण आई गेली. या बाईचं काहीच जळालं नाही, एवढ्यासाठी मी तिचा द्वेष केला होता, आणि ती तर माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठण्याइतकी जळाली होती. मी रडले. ती रडली नाही, ती ती आहे. तिने फक्त सरकून मला जागा करून दिली. ती मला अजून आवडत नाही. पण मी बसले.

फाटकाबाहेर हॉर्न वाजला. लांब, चिडका. मग पुन्हा.

"जा," व्लास्ता म्हणाली. "बोलावतोय तुझा रेडा."

"वाजवू दे," मी म्हटलं, आणि माझ्या डब्यातल्या फुलांवरच्या मुंग्या झटकायला लागले.